बियाण्याची गाठ आणि अकोल्याची कपाटं

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारातून नुसतं चालत गेलं, कशाला हात लावला नाही, तरी घरी पोचेस्तोवर बाहीवर, केसांत, कानाच्या पाळीवरसुद्धा कापूस सापडतो. ऑफिसातल्या किश्शांचं तसंच आहे. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. अमरावतीच्या आमच्या मोजणी ऑफिसात खुर्चीवर बसून होतो, एवढाच काय तो माझा गुन्हा. आता मित्रमंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, "सुधाकरभाऊ, ते गाठीचं सांगा ना." मग एक सांगायला जावं तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याचं धरून तिसरा.

यातलं खरं किती, असं विचारू नका. दाणे सगळे खरे आहेत. खडे आहेत ते कादरभाईंनी (ते पुढे येतीलच) मूर्तिजापूर स्टेशनवर मिसळलेले आहेत.

*

आमचे रेकॉर्डकीपर बापूराव गावंडे. धिप्पाड गडी, काळी टोपी, आणि बोलणं असं की पुण्याकडचा माणूस पहिल्या दिवशी समजायचा, भांडण चाललंय. जिल्ह्यातल्या शेतांचे नकाशे आणि मोजणीच्या फायली त्यांच्या ताब्यात. फायली कापडात गुंडाळायच्या, वरून दोरी आवळायची, झाला बस्ता. हे सगळ्याच ऑफिसांत चालायचं. आमच्याकडे फरक होता तो गाठीचा.

बापूरावांच्या मायनं त्यांना लहानपणी बियाण्याच्या गाठी शिकवल्या होत्या. पेरणीचं बियाणं गाठोड्यात बांधून आढ्याला टांगायचं. उन्हाळ्याच्या शेवटी घरातलं धान्य संपत आलं की घरच्यांची नजर त्या गाठोड्यांकडे जायची. म्हणून माय अशी गाठ मारायची की दुसऱ्यानं ओढली तर आणखी आवळते. जिनं बांधली तिलाच सुटते, आणि तीही मिरग लागल्यावर, पेरणीलाच सोडते. तुरीची गाठ वेगळी, जवारीची वेगळी, सरकीची वेगळी. हात लावला की आत काय आहे ते कळावं.

हीच विद्या बापूरावांनी सरकारच्या सेवेत लावली. बागायतीच्या फायलींना तुरीची गाठ, कोरडवाहूच्या जवारीची, भांडणातल्या शेतांना सरकीची. नंबर नाही, चिठ्ठी नाही. साहेबांनी गाव सांगावं, बापूरावांनी मांडणीत हात घालावा आणि बस्ता काढावा.

एकदा बापूराव जेवायला गेले असताना आमच्या हेडक्लार्कांना घाई झाली. त्यांनी सरकीची गाठ दातांनी सोडवायला घेतली. गाठ तशीच राहिली, दात आला. बापूरावांनी परत आल्यावर तो दात चिंधीत नीट बांधून त्यांच्या हातात दिला.

हेडक्लार्कांना ती चिंधीसुद्धा घरी उघडता आली नाही.

*

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याला नवीन रेकॉर्ड रूम झाली. लोखंडी कपाटं, लोखंडी मांडण्या, प्रत्येक खणाला नंबर. तिथे तायडे नावाचा तरुण रेकॉर्डकीपर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो नागपुरातून नवीन पद्धत शिकून आला होता. कादरभाई शपथेवर सांगायचे की तायडेंच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासलाही नंबर आहे.

हे कादरभाई म्हणजे आमचे डाकवाले. अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून मूर्तिजापूर, मूर्तिजापूरहून अकोला, आणि तसेच परत. खांद्यावर डाकेची थैली, तोंडात पान, आणि गाडीतल्या प्रत्येक डब्यात ओळखीचा माणूस.

हुकूम असा आला की सगळे बस्ते अकोल्याला जातील. अमरावतीनं लागेल ती फाईल मागवायची, अकोल्यानं पाठवायची, काम झालं की परत करायची. नागपूरहून आमचे वरिष्ठ आगाशे साहेब समजवायला आले होते. मूळचे पुण्याचे, स्वच्छ माणूस. म्हणाले, "असं समजा की दोन्ही मिळून एकच ऑफिस आहे. मध्ये फक्त एक भिंत आहे."

बापूराव म्हणाले, "भिंत नाई साहेब. मधात मूर्तिजापूर हाय."

बस्ते गेले. दोन दिवसांनी अकोल्याची तार आली: "गाठी सुटत नाहीत. माणूस पाठवा. तायडे."

तार मी बापूरावांसमोर धरली. त्यांनी वाचली, घडी केली, माझ्या खिशात ठेवली.

"माणूस म्हंजे मी," ते म्हणाले. "अन् मी बडनेऱ्याच्या पुढे जात नाई."

*

माणूस येत नाही म्हटल्यावर तायडेंनी कात्री काढली.

आम्ही शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या बागेची फाईल मागवली होती. आली ती पुठ्ठ्याच्या सुरेख पेटीत, वर नंबर, बाजूला शिक्का. बापूरावांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. सोयरीक पाहायला आलेल्या माणसासारखी.

"हे आपलं नाई," ते म्हणाले.

मी पेटी उघडून नकाशा दाखवला. "बापूराव, शेंदूरजनाच आहे. खाली तुमचं अक्षर आहे."

"अक्षर माहं हाय. गाठ माही नाई. जिची गाठ माही नाई तिची जबाबदारी मी घेत नाई."

पेटी परत गेली. तायडेंनी शेरा मारला, "योग्य फाईल परत का? मागणी करताना नंबर लिहावा." पेटी पुन्हा आली. बापूरावांनी खाली लिहिलं, "नंबर कैद्याले असते." पेटी पुन्हा गेली. तायडे पाठवायचे, आम्ही ओळखायचो नाही. आम्ही मागायचो, तायडेंना सापडायचं नाही. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर.

ज्याची बाग तो शेतकरी दर बाजाराच्या दिवशी ऑफिसात येऊन बाकावर बसायचा. एकदा तो उठून मला म्हणाला, "साहेब, मी जिंदगीत अकोला पायलं नाई. माह्या वावरानं मात्र गंज येळा, धा-बारा येळा पायलं."

*

हे सगळं आगाशे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी आवाज न चढवता निकाल दिला. थंडीत ते तपासणीला अमरावतीला येणार. त्यांच्यासमोर अकोल्याहून फाईल आली पाहिजे आणि त्यांच्यासमोर उघडली पाहिजे. उघडली तर उत्तम. नाही उघडली तर बापूरावांची बदली अकोल्याला. "गाठी जिथे, गाठवाला तिथे," ते म्हणाले.

ऑफिसातलं हसणं त्या दिवशी जरा कमी झालं. कारण बापूराव बडनेऱ्याच्या पुढे का जात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. माय म्हातारी झालेली, दोन्ही डोळे गेलेले. दोन खोल्यांच्या त्या घरात ती भिंत न चाचपता हिंडायची. चूल कुठे, रांजण कुठे, तुळस कुठे, सगळं हातात बसलेलं. दारावरून कोण चाललंय ते वहाणेवरून ओळखायची आणि नावानं हाक मारायची.

बापूराव मला म्हणाले, "सुधाकरा, मले कुठीबी टाका, मी भाकर खाईन. पन मायले परक्या घरात नेलं, तर ते पुन्ना आंधळी होईन."

एवढंच बोलले. पुढे तपकीर ओढली आणि शिंकले.

*

बिघाड शोधायचं काम माझ्याकडे आलं. कारण विचाराल तर ऑफिसात मीच एकटा असा होतो, ज्याच्याशी दोन्ही बाजू बोलत होत्या.

मी अकोल्याला जाऊन आलो. तायडेंची रूम पाहिली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. परत येऊन बापूरावांची मागणीची वही पाहिली, तीही बिनचूक. साहेबांना कळवायचं होतं, म्हणून हेडक्लार्कांनी विचारलं, "काय सापडलं?"

"अकोल्याचं नीट आहे. आपलंही नीट आहे," मी म्हणालो. "बिघाड मधात आहे."

कोपऱ्यात पान लावत बसलेले कादरभाई उठून उभे राहिले. "मधात म्हंजे मैं? सुधाकरभाऊ, सीधा बोलो ना."

त्यांचं रागावणं मी मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात अचलपूरची एक फाईल अकोल्याहून निघाली आणि अमरावतीला आलीच नाही. कादरभाईही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी उगवले, थैली खांद्यावर, फाईल सुखरूप. झालं होतं असं की मूर्तिजापूरला चहा प्यायला उतरले, गप्पा रंगल्या, आणि गप्पा मारत मारत त्या माणसाबरोबर समोरच्या छोट्या गाडीत चढले. ती गेली थेट अचलपूरला.

हेडक्लार्क कडाडले, "कादर, अचलपूरला काय काम होतं तुमचं?"

"माहं काय काम, साहेब?" कादरभाई शांतपणे म्हणाले. "फाईल अचलपूर की थी. तिले घरची याद आली."

*

मग मला एक कल्पना सुचली. तायडेंना गाठी कळत नाहीत ना, तर नमुना पाठवू. एक लांब दोरी घ्यायची, तिच्यावर बापूरावांनी ओळीनं सगळ्या गाठी मारायच्या, तुरीपासून सरकीपर्यंत. बाराखडीच म्हणा ना. तायडेंनी ती समोर टांगून शिकायचं.

बापूराव पहिल्यांदा तयार नव्हते. "घरची विद्या हाय," म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, दुपारभर बसले आणि एकेक गाठ मारली. दोरी पाहून आम्हालाच अभिमान वाटला. कादरभाईंना मी बजावलं, "मूर्तिजापूरला उतरायचं नाही."

ते उतरले नाहीत. शपथ पाळली. पण मूर्तिजापूरला डब्यात लग्नाची मंडळी चढली. नवरीच्या मामाच्या ट्रंकेची कडी तुटलेली, झाकण उघडं, आतलं लुगडं डब्यात सगळ्यांना दिसतंय, आणि मामा रडकुंडीला आलेला. कादरभाई काही दगडाचे नव्हते. त्यांनी थैलीत हात घातला आणि आमच्या दोरीनं ट्रंक करकचून बांधून दिली. अकोला आलं. दोरी सोडायला गेले तर सुटते कुठे?

अशी बापूरावांची अख्खी बाराखडी भुसावळला लग्नाला गेली. ती ट्रंक पुढे उघडली की नाही हे आजतागायत कळलेलं नाही. नवरी नांदली असेल तर अंगावरच्या लुगड्यावरच नांदली असेल.

*

दोरी गेली तरी टेलिफोन होता. मी हेडक्लार्कांच्या हातापाया पडून अकोल्याला ट्रंक कॉल लावायची परवानगी काढली. बापूराव फोनवर गाठ सांगणार, तायडे तिकडे मारणार. फोन बापूरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कानाला लावला. समोरचा माणूस अकोल्यात आहे म्हणून ते अकोल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. फोन नसता तरी चाललं असतं.

"तायडेबुवा! डाव्या हातचं टोक उजव्याच्या खालून घ्या. घेतलं?"

"घेतलं," तायडे.

"आता बोटाभोवती एक येढा. कोन्या बोटाभोवती इचारू नका, करंगळी सोडून कोन्याबी."

"मारला."

"आता जे टोक ओढावं वाटते, ते ओढू नका. दुसरं ओढा."

तिकडून नुसता धापा टाकल्याचा आवाज. मग तायडे खचलेल्या आवाजात म्हणाले, "बापूराव, सगळं सुटून हातात आलं."

त्यावर मध्येच एक तिसराच आवाज आला. एक्स्चेंजवरची मुलगी. "बाबा, माझी बसली. छान बसली. आता सोडवायची कशी ते सांगा ना." आणि पाठोपाठ, "वेळ संपली." खट्ट.

नियम म्हणजे नियम. तिनं स्वतःचाच फोन कापला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसात हजर. हातात रुमाल, रुमालाला तुरीची गाठ, गाठीच्या आत घराच्या किल्ल्या. रात्रभर शेजाऱ्यांकडे झोपली होती बिचारी. बापूरावांनी रुमाल हातात घेतला, गाठ उलटीसुलटी पाहिली आणि सोडवायच्या आधी आम्हा सगळ्यांना दाखवली.

"पाहा," ते म्हणाले. "सरकारी नोकरीत हे अशी मानसं पायजे."

*

तपासणी जवळ आली तशी गंमत आटत चालली. एका सुट्टीच्या दिवशी तायडे स्वतःहून अमरावतीला आले. कोणी बोलावलं नव्हतं. मी घरी असताना दारात उभे. म्हणाले, "भाऊ, माझ्या कपाटापायी कोनाची माय घराबाहेर निघावी, हे मले पटत नाही. मले त्यांच्याकडे न्या."

आम्ही बापूरावांच्या घरी गेलो. बापूरावांनी पहिल्यांदा तायडेंच्या हाताकडे पाहिलं. "कैची आणली का?"

तायडेंनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

बसले दोघं दोरी घेऊन. बापूराव शिकवायचे, तायडेंच्या हातात दोरीचा गुंता व्हायचा. बापूराव चिडायचे, तायडे घामाघूम. आत चुलीपाशी बसलेली माय हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, दोघांच्या मध्ये बसली आणि तायडेंचे हात आपल्या हातात घेतले. बोटं चाचपली.

"कोनाचा रे बापा तू?"

तायडे जरा ताठ झाले. "बोरगावच्या तायड्याचा. आमी बौद्ध आहोत, माय."

"ते नाई इचारलं मी. तुही माय बियानं कोन्या गाठीत बांधे, ते इचारलं."

तायडेंनी हात सोडवून दोरी उचलली. मग म्हणाले, "ती दुसऱ्याच्या वावरात कामाले जाये. बियानं मालकाचं. बांधायचं तिनं, अन् सोडायचं मालकानं. म्हनून तिची गाठ निराळी होती." आणि जे हात सकाळपासून गुंता करत होते, त्यांनी बघता बघता एक गाठ मारून मायच्या हातात दिली.

मायनं ती कितीतरी वेळ चाचपली. एक टोक ओढलं, सुटली. तिनं तायडेंना पुन्हा मारायला लावली. दुसरं टोक ओढलं, तरी सुटली. पण मधून ओढली तर हलेना.

"पाय रे बापू," ती मुलाला म्हणाली. "तुह्या मायनं फक्त आपल्या हाताची गाठ मारली. याच्या मायची दोन्हीकडून सुटते. हे बाई माह्याहून शहानी."

बापूरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग आत जाऊन तायडेंसाठी चहा घेऊन आले. बापूरावांनी केलेला चहा मी पहिल्यांदाच पाहिला. प्यायलाही मिळाला, त्याबद्दल काही बोलत नाही.

ठरलं असं की डाकेतले सगळे बस्ते आता तायडेंच्या मायच्या गाठीत. वरून नंबरची पट्टीही राहील. "राहू द्या," बापूराव म्हणाले. "कुत्र्याच्या गळ्यातबी बिल्ला असतेच."

*

आगाशे साहेब आले तो दिवस. सकाळीच त्यांनी स्वतः अकोल्याला फोन करून फाईल मागवली, तीच, शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग. तायडेंनी ठरल्या गाठीत बस्ता बांधून कादरभाईंच्या हवाली केला. साहेब खुर्चीत, समोर रिकामं टेबल. बाकावर बागेचा मालक. बापूराव खिडकीशी, रस्त्याकडे डोळे लावून.

दुपारी कादरभाई आले. वेळेवर. मूर्तिजापूरला उतरले नाहीत, ट्रंक बांधली नाही, कोणाशी बोललेसुद्धा नाहीत असं नंतर कळलं. तोंडात पान नव्हतं. त्यांनी बस्ता टेबलावर ठेवला आणि मागे सरकले.

बापूरावांनी टोक धरून ओढलं. सुटेना. दुसरं ओढलं. सुटेना. वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीही वाकलो. तायडेंची गाठ खाली होती. तिच्यावर दुसरी एक गाठ होती, तिच्यावर तिसरी, आणि त्या सगळ्यांवरून दोरीचा असा काही गोळा, जो वऱ्हाडात आजवर कोणी मारला नसेल.

"हे कोनं केलं?" बापूराव हळू आवाजात म्हणाले.

कादरभाई भिंतीकडे बघत होते.

बापूरावांनी नखं लावली, सुपारीचा अडकित्ता लावला, काही नाही. कपाळावरून घाम गळायला लागला. हेडक्लार्कांनी एक पाऊल पुढे टाकलं, मग त्यांना आपला दात आठवला असावा, ते मागे गेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"कात्री आणू का?" कोणीतरी विचारलं.

"कात्रीनं कोणीही उघडेल," साहेब म्हणाले. "बापूराव, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मला लिहावं लागेल."

बापूरावांनी बस्ता उचलून छातीशी धरला. "साहेब, एक हात अजून बाकी हाय. घरी हाय."

साहेबांनी काय विचार केला ठाऊक नाही, पण ते उठले. त्यांच्या जीपमध्ये पुढे साहेब, मागे बापूराव, मी, बागेचा मालक आणि आमच्या पायांशी आक्रसून बसलेले कादरभाई. दारात जीप थांबून आम्ही उतरलो तेव्हा आतून माय म्हणाली, "बापू, चार जनं कोन आणले? एकाच्या पायात बूट हाय."

मायच्या मांडीवर बस्ता ठेवला. तिनं तो गोळा बोटांनी सगळीकडून पाहिला. तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसा.

"कोनाचं काम हे?"

कादरभाई पुढे आले. "मेरा है, माय."

"इतक्या गाठी काहून मारल्या रे?"

"रस्त्यात सुटली असती तर?" कादरभाई म्हणाले. "सगळे बोलते, बिघाड मधात हाय. मधात तर मैंच हूं. बापूराव अकोले गये तो कादर के कारन गये, असं झालं असतं ना. म्हनून बडनेऱ्याले एक मारली. मंग फिर एक मारली."

माय हसली. "हे गाठ नाई बापा. हे भेव हाय. भेव ओढून सुटत नाई, ढिलं करा लागते." तिनं टोकं ओढली नाहीत. दोन्हीकडून दोरी आत ढकलली, गोळा तळव्यात थोडा चोळला, पुन्हा ढकलली. आणि तो सगळा पसारा सैल होऊन तिच्या मांडीवर पडला. खाली तायडेंची गाठ जशीच्या तशी.

ती तिनं सोडली नाही. एक टोक बापूरावांच्या हातात दिलं. दुसरं हवेत धरून म्हणाली, "बूटवाल्या साहेबानं धरावं."

आगाशे साहेब बूट काढून खाली बसले आणि टोक धरलं. "ओढू?"

"हळूच."

बस्ता उघडला. आत शेंदूरजनाघाट. बागेचा मालक नकाशावर वाकला, आपली विहीर सापडल्यावर तिच्यावर बोट ठेवलं आणि ते तिथून काढेचना.

परत जाताना जीपमध्येच साहेबांनी मला शेरा सांगितला आणि मी लिहून घेतला. बापूराव गावंडे यांची बदली करू नये. कारण: "संबंधित यंत्रणा अमरावतीहून हलवण्याजोगी नाही."

निघायच्या आधी मायनं साहेबांच्या हातात एक गाठोडं ठेवलं होतं. साहेबांच्या नागपूरच्या बंगल्यामागे जागा आहे हे तिनं बोलता बोलता काढून घेतलं होतं. गाठोड्यात वालाच्या, काकडीच्या आणि दोडक्याच्या बिया. वरून तिची स्वतःची गाठ.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून तार आली: "गाठ सुटत नाही. माणूस पाठवा. आगाशे."

मी तार घेऊन बापूरावांकडे गेलो. त्यांनी वाचली, घडी केली, माझ्या खिशात ठेवली. "मी बडनेऱ्याच्या पुढे जात नाई."

"अहो, पण साहेबांना उत्तर काय देऊ?"

"गाठ माही नाई. मायले इचार."

संध्याकाळी मी मायकडे गेलो आणि तार वाचून दाखवली. ती तुळशीपाशी वाती वळत बसली होती. तिनं वात पुरी केली, बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"मिरगाले अजून वेळ हाय म्हनावं."